पेशीपरीक्षकाचें शिक्षण



गेल्या उन्हाळ्यांत मलकापूरच्या कापूसबाजारांतील एक मापाडी सायंकाळच्या वेळीं माझ्या घरीं आले. त्यांची कन्या चौथीच्या वर्गांत माझ्या हाताखालीं शिकली होती. आतां ती बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाली होती. जीवशास्त्रांत तिला गुण उत्तम होते, परंतु वैद्यकीय प्रवेशपरीक्षेंत तिचा क्रमांक लागला नव्हता. कोणीतरी तिला 'सायटोटेक्नॉलॉजी'चा अभ्यासक्रम सुचविला होता. मापाडी ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "गुरुजी, फी भरायला मी मागंपुढं पाहणार नाही. पण हे काम नेमकं काय असतं, अन् पोरीचा त्यात निभाव लागंल का, एवढं तुम्ही सांगा."

मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. हा शब्द मीं पूर्वीं ऐकला होता, पण त्याचा अर्थ मला धड सांगतां आला नसता. मीं पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. जाणत्या डॉक्टरांना विचारलें, कांहीं वाचन केलें, आणि एका प्रयोगशाळेंत तासभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलों. त्या गृहस्थांना मीं जें सांगितलें तेंच आज थोड्या विस्तारानें आपणांपुढें मांडीत आहें. कारण असाच प्रश्न आज अनेक घरांतून विचारला जात असेल.

'सायटो' हा शब्द मूळ ग्रीक. त्याचा मूळचा अर्थ पोकळ भांडें. शास्त्रांत तो पेशीसाठीं वापरतात. आपलें शरीर पेशींचें बनलेलें आहे. गालाचें आंतील अस्तर, मूत्राशय, गर्भाशयाचें मुख, अशा ठिकाणच्या पेशी सारख्या झडत असतात आणि त्यांच्या जागीं नव्या येतात. ह्या झडलेल्या, किंवा हलक्या हातानें खरवडून काढलेल्या, पेशी काचेच्या पट्टीवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणें आणि त्यांवरून रोगाचा माग काढणें, हें पेशीपरीक्षणाचें काम. गळ्यांतील किंवा स्तनांतील गांठींत बारीक सुई घालूनही पेशी ओढून घेतात. छातींत वा पोटांत सांठलेलें पाणी, लघवी, थुंकी ह्यांतही त्या सांपडतात.

शस्त्रक्रिया करून मांसाचा तुकडा काढून तपासतात, त्याला बायोप्सी म्हणतात. तिच्यांत पेशी जागच्या जागीं, एकमेकींना लागून दिसतात. पेशीपरीक्षणांत सुट्या पेशीच हातीं येतात. बायोप्सी म्हणजे सबंध वाडा हिंडून पाहणें, आणि पेशीपरीक्षण म्हणजे वाड्यांतून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवरून आंत काय चाललें आहे हें ओळखणें. तरीही चिरफाड नाहीं, खर्च थोडा आणि निकाल लवकर, म्हणून लहान गांवांतील रुग्णाला हिचा मोठा आधार वाटतो. आपल्याकडे मानेची गांठ घेऊन येणाऱ्या पुष्कळ रुग्णांची गांठ क्षयाची निघते. ती क्षयाची कीं कर्करोगाची, हें सुईच्या तपासणीनें बहुधा थोड्याच दिवसांत कळतें. आणि ह्या दोन रोगांचे उपचार अगदीं भिन्न आहेत.

ह्या कामांत डॉक्टर कोणता भाग करतो आणि तंत्रज्ञ कोणता, हें आतां पाहूं. अंतिम निदान करून सही करणारा तो पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे विकृतिशास्त्राचा डॉक्टर. त्याच्या आधीं काचपट्टी ज्याच्या हातांतून जाते तो सायटोटेक्नॉलॉजिस्ट; आपण त्याला पेशीपरीक्षक म्हणूं. नमुना नीट टिकविणें, तो रंगविणें, मग सबंध पट्टी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीनें पाहत जाणें, आणि जेथें शंका येईल तेथें शाईचा ठिपका देऊन डॉक्टरापुढें ठेवणें, हें त्याचें काम. शेतकरी जशी तास धरून पेरणी करतो, तशी ही नजर तास सोडीत नाहीं.

पाहावयाचें काय? पेशीच्या मध्यभागीं एक गोळा असतो, त्यास केंद्रक म्हणतात. निरोगी पेशींत केंद्रक लहान, रेखीव आणि बाहेरील भागाच्या प्रमाणांत असतें. पेशी कर्करोगाकडे वळूं लागली म्हणजे हें प्रमाण बिघडतें. केंद्रक मोठें, गडद, ओबडधोबड कडेचें होतें, आणि त्याच्या आंतील पोत जाडाभरडा दिसूं लागतो. कापूसबाजारांतील जाणता माणूस मूठभर कापूस हातांत घेऊन त्याचा धागा आणि डाग पाहतो, आणि मग भाव बोलतो. पेशीपरीक्षकाची पारखही अशाच संवयीनें तयार होते. मात्र येथें चूक झाली तर तोटा पैशांचा नसून आयुष्याचा होतो.

गर्भाशयमुखाची साध्या रीतीनें केलेली काचपट्टी तपासण्याजोगी ठरण्यास तीवर निदान ८,००० ते १२,००० नीट दिसणाऱ्या पेशी असाव्या लागतात. त्यांत बिघडलेल्या पेशी कधीं शेंकडों असतात, कधीं मोजक्या दहापंधरा. घरांतील बायका तांदूळ निवडतात तें आठवा. पहिल्या पसाभर तांदळांत खडा सांपडला नाहीं म्हणून उरलेले तसेच पातेल्यांत टाकीत नाहींत. शंभर पट्ट्या निर्दोष पाहिल्यावर एकशेएकावी पट्टीही पहिलीसारखीच पाहणें, हाच ह्या विद्येचा कठीण भाग आहे. अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत, घाईनें पट्ट्या पाहून रोग निसटल्याचीं प्रकरणें उघडकीस आलीं, तेव्हां १९८८ सालीं तेथें कायदाच झाला. एका परीक्षकानें चोवीस तासांत १०० हून अधिक पट्ट्या पाहूं नयेत, आणि निर्दोष ठरविलेल्यांपैकीं निदान दहावा हिस्सा पुन्हां पाहिला जावा, असें त्याखालील नियमांत ठरलें. कारण पहिल्या डोळ्यानें निर्दोष म्हणून बाजूस सारलेली पट्टी बहुधा दुसऱ्या डोळ्यापुढें जातच नाहीं.

ही विद्या रोगनिदानाच्या कामीं आणण्यांत जॉर्ज पापानिकोलाऊ ह्या ग्रीक वैद्याचें नांव मोठें आहे. १८८३ सालीं जन्मलेला हा मनुष्य १९१३ सालीं अमेरिकेस गेला. प्रथम तो गिनीपिगांच्या पेशी तपासीत असे. पुढें स्त्रियांच्या पेशी तपासतां तपासतां त्यास कर्करोगाच्या पेशी ओळखूं येऊं लागल्या. त्याची पत्नी आंद्रोमाखी त्याच प्रयोगशाळेंत त्याची सहकारी होती, आणि तिनें अनेक वर्षें स्वतःचे नमुने त्याच्या अभ्यासासाठीं दिले. १९२८ सालीं त्यानें आपला शोध एका सभेंत मांडला, पण त्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. त्याच सुमारास रुमानियांत ऑरेल बाबेश ह्यानेंही स्वतंत्रपणें असाच शोध लावला होता. पापानिकोलाऊनें १९४१ सालीं हर्बर्ट ट्राउट ह्याच्यासह पुन्हां निबंध लिहिला, १९४३ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तेव्हां जग वळलें. त्याच्या नांवावरून ह्या तपासणीस 'पॅप' म्हणतात. योगायोग असा कीं १९४१ सालींच मुंबईंत टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, आणि त्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या देखरेखीखालीं आपल्या प्रांतांत कर्करोगाच्या सूक्ष्म अभ्यासाचा पाया घातला गेला.

पापानिकोलाऊच्या रंगपद्धतींत केंद्रक निळें दिसतें आणि भोंवतालचा भाग पेशीच्या वयाप्रमाणें गुलाबी, नारिंगी किंवा हिरवट दिसतो. केंद्रकास रंग देणारें द्रव्य मध्य अमेरिकेंतील एका झाडाच्या लांकडापासून निघतें. पण रंगाइतकीच महत्त्वाची एक साधी गोष्ट आहे. पट्टी ओली असतांनाच, क्षणाचाही विलंब न करतां, ९५ टक्के अल्कोहोलांत बुडविली पाहिजे. हवेंत वाळली कीं पेशी पसरट होतात, केंद्रक फुगलेलें दिसतें आणि परीक्षा फसते. सुईच्या तपासणींत कांहीं पट्ट्या मुद्दाम वाळवितात, पण त्यांचा रंग वेगळा आणि त्या वाचण्याची रीतही वेगळी. विद्यार्थ्यानें पहिल्या महिन्यांत शिकण्याची गोष्ट हीच, आणि शेवटच्या दिवसापर्यंत न विसरण्याचीही हीच.

येथें एक दुःखाची हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. माझ्या नात्यांतील एका वहिनींना अंगावरून जाण्याचा त्रास होता. कोणा एका ठिकाणीं त्यांची पॅप तपासणी झाली. निकालाच्या कागदावर लिहिलें होतें कीं नमुना तपासणीस अपुरा आहे. घरच्यांनीं वाचलें, आणि रोगाचें नांव कोठें दिसलें नाहीं म्हणून सुस्कारा सोडून कागद पेटींत ठेवला. तपासणी पुन्हां करून घ्या असें त्यांना कोणीं बोलून सांगितलें नाहीं, त्यांनींही विचारलें नाहीं. वर्षभरानें रोग उघड झाला तेव्हां तो आटोक्याबाहेर गेला होता. दोष कोणा एकाचा म्हणवत नाहीं. कागद घरांत आला होता आणि तो मींही पाहिला होता. 'अपुरा' म्हणजे 'निर्दोष' नव्हे, हें त्या दिवशीं मला ठाऊक असतें तर! म्हणून श्रोत्यांना माझी विनंति आहे, असा शेरा दिसला तर त्याचा अर्थ एवढाच घ्यावा कीं तपासणी अजून झालेलीच नाहीं. आणि विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, 'ह्यावरून मला सांगतां येत नाहीं' असें स्पष्ट लिहिणें हा ह्या धंद्यांतील कमीपणा नसून धर्म आहे. फक्त तें वाक्य रुग्णाला कळेल अशा शब्दांत पोहोंचलें पाहिजे.

भारतांत २०२२ ह्या एका वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारें १ लाख २७ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारें ८० हजार स्त्रिया दगावल्या, असा जागतिक अंदाज आहे. हा रोग वर्षानुवर्षें हळूहळू वाढतो. मधल्या अवस्थेंत सांपडला तर पुष्कळदां पुरता बरा होतो. असें असतां पेशीपरीक्षक हजारोंनीं तयार करावे आणि प्रत्येक स्त्रीची पट्टी तपासावी, हा उपाय सरळ वाटतो. परंतु येथेंच मापाड्यांच्या प्रश्नाचा कठीण भाग येतो, आणि त्याचें उत्तर मिळविण्यासाठीं विदर्भ सोडून मराठवाड्याकडे वळलें पाहिजे. कारण ह्या प्रश्नाची जगांतील एक मोठी परीक्षा तेथील खेड्यांतून झाली आहे.

सोलापूर जिल्ह्यांत बार्शी येथें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. तें रुग्णालय, मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगसंशोधन संस्था ह्यांनीं मिळून १९९९ सालीं उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत एक प्रयोग आरंभिला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे, ५२ खेडे-समूहांनुसार, चार गट पाडले. एका गटास पेशीपरीक्षण. दुसऱ्यास व्हिनेगरसारखें सौम्य आम्ल लावून डोळ्यांनीं पाहणी. तिसऱ्यास पॅपिलोमा विषाणूची चांचणी. आणि चौथ्या गटास नेहमींची व्यवस्था. हा विषाणु हेंच त्या रोगाचें मूळ, असें जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन ह्यांनीं दाखविलें होतें, आणि त्याबद्दल २००८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. उस्मानाबादेचा निकाल २००९ सालीं प्रसिद्ध झाला. आठ वर्षांत नेहमींच्या गटांत ह्या रोगानें ६४ मृत्यु झाले, तर विषाणुचांचणीच्या गटांत ३४. पेशीपरीक्षणाच्या गटांत निश्चित म्हणतां येईल अशी घट दिसली नाहीं.

ह्या निकालाचा परिणाम दूरवर झाला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं विषाणुचांचणी हीच पहिली तपासणी असावी अशी शिफारस केली. नेदरलंड्स आणि ऑस्ट्रेलिया हे देश २०१७ सालीं आणि इंग्लंड २०१९ सालीं त्या वाटेनें गेले. पट्टी आपण होऊन चाळून संशयास्पद पेशी पुढें मांडणारीं यंत्रेंही आलीं आहेत. तेव्हां सरसकट सर्व स्त्रियांच्या पट्ट्या पाहणें, ज्यावर ह्या व्यवसायाची उभारणी झाली, तें काम पुढें कमी होत जाणार. ही गोष्ट मुलीपासून लपवून तिला प्रवेश घ्यावयास लावणें म्हणजे खोट्या काट्यावर माल तोलणें होय.

मग ही विद्या बुडाली काय? तसें नाहीं. विषाणु सांपडलेल्या स्त्रियांपैकीं कोणास पुढील उपचार तांतडीनें हवे, हें ठरवितांना अनेक ठिकाणीं पुन्हां पेशीच पाहाव्या लागतात. पट्ट्या थोड्या, पण त्यांतील जवळजवळ प्रत्येक पट्टी कठीण, अशी ही स्थिति आहे. गळ्याच्या, स्तनाच्या, थायरॉइडच्या गांठींची सुईतपासणी आणि छातींतील वा पोटांतील पाण्याची परीक्षा हें काम तर आपल्या देशांत मुबलक आहे, आणि त्यास विषाणुचांचणी पर्याय होत नाहीं. सुईनें काढलेल्या थोड्याशा पेशींवर आतां निरनिराळ्या रासायनिक आणि आनुवंशिक परीक्षाही करतात. त्यासाठीं नमुना पुरेसा आणि चांगला आहे कीं नाहीं, हें प्रथम पेशीपरीक्षकच सांगतो. म्हणून जो केवळ पॅप पट्टी पाहावयास शिकेल त्याचें भवितव्य अरुंद, आणि जो पेशीविद्या सर्वांगांनीं शिकेल त्याचें रुंद, असा माझा निष्कर्ष आहे.

आतां शिक्षणाविषयीं. बारावीला भौतिकशास्त्र, रसायन आणि जीवशास्त्र हे विषय हवेत. आपल्या राज्यांत अशा शिक्षणाचें विद्यापीठ म्हणजे १९९८ सालीं स्थापन झालेलें नाशिकचें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. त्याची बी.पी.एम.टी. ही पदवी तीन वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची उमेदवारी अशी आहे, आणि तिच्यांत प्रयोगशाळा-तंत्रज्ञाची शाखा आहे. माझ्या मतें मुलीनें प्रथम ह्या प्रकारची व्यापक पदवी घ्यावी. रक्त, जंतु, ऊतक, सर्व कांहीं शिकावें. आणि मग पेशीपरीक्षणाचें विशेष शिक्षण मोठ्या रुग्णालयांत घ्यावें. १९७० सालीं स्थापन झालेली भारतीय सायटॉलॉजिस्टांची अकादमी पेशीतंत्रज्ञांसाठीं परीक्षा घेते. ती उत्तीर्ण होणें हा जाणकारांत मान्य असा दाखला आहे. १९७९ सालीं सायटॉलॉजी संशोधनकेंद्र म्हणून निघालेली आणि आतां नोएडा येथें असलेली राष्ट्रीय कर्करोग-प्रतिबंध संस्था हीही ह्या विद्येची जुनी पीठिका आहे. २०२१ सालीं संसदेनें आरोग्यक्षेत्रांतील संलग्न व्यवसायांसाठीं कायदा केला. त्याच्या परिशिष्टांत सायटोटेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय नांवानिशीं घातलेला आहे, आणि तंत्रज्ञाचें शिक्षण निदान २,००० तासांचें असावें असें त्यांत म्हटलें आहे. सहा महिन्यांत 'नोकरीची हमी' देणारी जाहिरात पाहिली कीं हा आंकडा आठवावा.

कोणत्याही संस्थेंत पैसे भरण्यापूर्वीं पालकांनीं पांच प्रश्न विचारावेत. पहिला, पदवी कोणत्या विद्यापीठाची, आणि तें विद्यापीठ स्वतः हा अभ्यासक्रम मान्य करतें काय. दुसरा, संस्थेस जोडलेलें रुग्णालय कोणतें, आणि तेथें रोज किती नमुने येतात. तिसरा, विद्यार्थी स्वतःच्या हातानें किती पट्ट्या रंगवील आणि स्वतःच्या डोळ्यानें किती पाहील. चौथा, पेशीपरीक्षणाचा निकाल आणि पुढें झालेल्या बायोप्सीचा निकाल ताडून पाहण्याची तेथें वहिवाट आहे काय. कारण आपली चूक कळल्यावांचून नजर तयार होत नाहीं. पांचवा, शिकविणारा पॅथॉलॉजिस्ट पूर्ण वेळ तेथें असतो काय. ह्या प्रश्नांना जेथें गुळमुळीत उत्तरें मिळतील तेथून उठून यावें.

मलकापूरकरांस ही वाट पूर्वींइतकी दूरची राहिलेली नाहीं. अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे, जळगांवास २०१८ पासून, आणि आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीं, बुलढाण्यास, २०२४ सालीं तें सुरू झालें. महाविद्यालय आलें म्हणजे पॅथॉलॉजीचा विभाग आला, आणि विभाग आला म्हणजे पट्टी तयार करणारे हात आणि पाहणारे डोळे लागणारच. आज आपल्याकडील गांठीचा रुग्ण रेल्वेनें नागपूर नाहींतर मुंबई गांठतो. त्याची पहिली परीक्षा घराजवळ आणि विश्वासानें झाली तर त्याचे किती दिवस वांचतील, ह्याचा हिशेब ज्याच्या घरांत असा रुग्ण झाला आहे त्यानेंच करावा.

पंधरा दिवसांनीं मापाडी पुन्हां आले, बरोबर मुलगीही आली. मीं हें सर्व सांगितलें, आणि शेवटीं एक गोष्ट सुचविली. फी भरण्यापूर्वीं तिनें एखाद्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत परवानगी काढून एक सबंध दिवस बसावें. सकाळीं सूक्ष्मदर्शकांतील रंग सर्वांनाच मोहवितात. दुपारीं चारच्या सुमारास, मान अवघडली असतां, शेवटच्या पट्टीविषयीं तिला पहिलीइतकेंच कुतूहल वाटतें कीं नाहीं, हें तिनें स्वतःच्या मनाला विचारावें. वाटलें तर ह्या मार्गानें जावें. नाहीं वाटलें तर त्यांत लाज नाहीं. दुसऱ्या पुष्कळ विद्या आहेत.

मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिचे वडील मात्र म्हणाले, "आमच्याही धंद्यात तसंच आहे, गुरुजी. सकाळचा काटा समदेच नीट धरतात. दिवस कलल्यावर जो नीट धरतो, त्याच्याकडंच माल येतो." ह्याहून नेमकें उत्तर मला पंधरा दिवसांच्या वाचनांत सांपडलें नव्हतें.